मुक्ता, उद्या सकाळी सही करू नकोस

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्र

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

दुपारी पाठवलेला करार आत्ता वाचून झाला. सतरा पानं आहेत. फोनवर म्हणालीस, "आई, नेहमीचंच आहे, नुसती नजर टाक, उद्या सकाळी सही करून द्यायचीय." नजर टाकून भागण्यासारखं ते नाही. अंधेरीच्या स्टुडिओत तू दोन टेकच्या मध्ये माझ्याशी बोलतेस, तेवढ्यात हे सांगून होणार नाही, म्हणून लिहिते आहे. जेवून घे आणि मग वाच.

पान अकरा उघड. पंधरा कथांच्या ऑडिओबुकचं काम आहे, पैसे ठीक आहेत, हप्तेही ठीक आहेत. पण कलम नऊमध्ये चार ओळींचं एकच वाक्य आहे. त्याचा अर्थ असा: तुझा आवाज, बोलण्याची लकब आणि सगळी ध्वनिमुद्रणं करार करणाऱ्यांना आजच्या आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञानात, एआय मॉडेल शिकवण्यासाठीसुद्धा, जगभर आणि कायमची वापरता येतील. वेगळा मोबदला नाही. म्हणजे तू पंधरा कथा वाचायच्या आणि सोळावी कथा त्यांनी मशिनकडून तुझ्याच आवाजात वाचून घ्यायची. तुला बोलावायची गरज नाही आणि विचारायचीही नाही. तुझा आवाज उद्या कुठल्या जाहिरातीत, कुठल्या प्रचारात ऐकू येईल, हे तुला इतरांकडून कळेल.

तू म्हणशील, कायदा आहे ना. आहे, आणि बराच चांगला आहे. कॉपीराइटचा कायदा १९५७चा. त्यात तुझ्यासारख्या सादर करणाऱ्या कलाकाराचे स्वतंत्र हक्क आहेत, सादरीकरणानंतर पन्नास वर्षं टिकणारे. २०१२च्या दुरुस्तीने ते अजून भक्कम झाले. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. करार झाला त्या वेळी जे माध्यम वापरातच नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय त्यातला हक्क देता येत नाही. पण या करारात 'कायमची' लिहिलंय, 'जगभर' लिहिलंय, आणि एआय आज वापरात आहे आणि त्याचं नावही घातलंय. ज्याने हे कलम लिहिलं त्याला कायदा नीट माहीत आहे. जिथे मोकळी जागा राहिली असती तर कायद्याने तुला सांभाळलं असतं, ती प्रत्येक जागा त्याने भरून टाकली आहे. म्हणून सांगते, हे नेहमीचं नाही.

२०२४ साली अरिजित सिंगच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की परवानगीशिवाय त्याच्या आवाजाची एआय नक्कल करून देणं हा त्याच्या हक्कांचा भंग आहे. आम्ही सगळ्या वकिलांनी तो आदेश दोनदोनदा वाचला. पण त्याने कुणाला परवानगी दिलेली नव्हती. तू ही सही केलीस तर दिलेली असेल. मग मी काय, कुणीही काळा कोट घालून उभं राहिलं, तरी न्यायाधीश आधी पान अकरा उघडतील.

आता अण्णांची गोष्ट. तुला अर्धवट माहीत आहे, आज पूर्ण सांगते.

तुझे आजोबा नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते आणि गाणी लिहायचे, हे तुला ठाऊक आहे. १९८४ साली एका कॅसेट कंपनीचा माणूस घरी आला. आठ भक्तिगीतं घेतली, चारशे रुपये दिले. व्हाउचरचा तो गुलाबी कागद माझ्या कपाटात आहे. त्यावर 'आठ गीते, सर्व हक्कांसह' एवढंच लिहिलंय, खाली रेव्हेन्यू तिकीट, आणि अण्णांची सही तिकिटावरून अर्धी कागदावर उतरलेली. शाई आता तपकिरी झाली आहे. त्या वर्षी गणपतीत आम्ही तलावपाळीवरून येत होतो. मांडवात त्यांचं गाणं लागलं होतं. मी नववीत होते. धावत जाऊन कॅसेटचं कव्हर बघून आले. गायकाचं नाव होतं, संगीतकाराचं होतं, आणि 'गीत'पुढे छापलं होतं, पारंपरिक.

अण्णा मांडवाबाहेर उभे राहून पूर्ण गाणं ऐकत होते. म्हणाले, "चाल बरी लावलीय." घरी आल्यावर त्यावर एक शब्द बोलले नाहीत, नंतरही कधी बोलले नाहीत.

मी कायदा शिकायला गेले ती 'पारंपरिक' या एका शब्दामुळे. पहिल्या वर्षी लायब्ररीत कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ वाचलं आणि तशीच बसून राहिले. हक्क विकून टाकले तरी ही कृती माझी आहे असं सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. पैसे गेले होते, नाव गेलंच नव्हतं! त्यांनी साधं पत्र लिहिलं असतं तरी मागता आलं असतं. हे त्यांना सांगणारं घरात, गल्लीत, शाळेत कुणी नव्हतं. मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा म्हणाले, आता जाऊ दे. १९९६ला ते गेले.

त्यानंतर तो दरवाजाही बंद झाला, कारण तेव्हाच्या कलमात लेखकपणाचा दावा वारसांना करता येत नव्हता, तेवढा एक हक्क मुद्दाम वगळलेला होता. २०१२च्या दुरुस्तीने ती आडकाठी काढली. लोक त्या दुरुस्तीबद्दल बोलतात ते गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीमुळे, आणि ते योग्यच आहे, जावेद अख्तरांनी राज्यसभेत त्यासाठी केवढा जोर लावला होता. पण मला त्यातला हा छोटा बदल दिसला. कॅसेट कंपनीचा कॅटलॉग तोवर दुसऱ्याकडे गेला होता. अण्णांची तारखा घातलेली वही, तो गुलाबी कागद आणि माझं पत्र असं पाठवलं. उत्तर यायला सात महिने लागले, नाव दुरुस्त व्हायला दोन वर्षं. तू मोबाइलवर ती गाणी लावतेस तेव्हा खाली अण्णांचं नाव येतं ना, ते असं आलं. त्यांच्या शब्दांवरचा कॉपीराइट २०५६ अखेरपर्यंत चालेल. तेव्हा तू आज मी आहे त्याहून म्हातारी असशील.

माझं काम काय, असं तुला लहानपणी कुणी विचारलं की तू 'आई कोर्टात जाते' म्हणायचीस. जाते, पण बहुतेक दिवस मी वाचत असते. मालिकेची कल्पना चोरली म्हणून तावातावाने येतात, त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा १९७८चा आर. जी. आनंद निकाल समजावून सांगायचा, की नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, ती ज्या रीतीने मांडली त्यावर असतो. मग त्यांचं लिखाण आणि समोरच्याची मालिका प्रसंगाला प्रसंग लावून बघायची. परवा कोपरीच्या एक मसालेवाल्या बाई आल्या होत्या. त्यांचं नाव दुसऱ्याच कुणीतरी वर्ग ३०मध्ये, म्हणजे मसाले ज्या गटात येतात त्यात, ट्रेडमार्कसाठी दाखल केलेलं. बाई रडवेल्या झाल्या होत्या. मी विचारलं, जुनी बिलं आहेत का? दुसऱ्या दिवशी मुलाच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक देऊन आल्या. बावीस वर्षांची बिलबुकं, कडांना हळद लागलेली. नाव आधी कोण वापरत होतं याला आपल्याकडे मोठी किंमत आहे, आणि ती किंमत त्या ट्रंकेत होती. रात्री अकरापर्यंत मी आणि माझी ज्युनिअर बिलं वर्षवार लावत बसलो. दोघींच्या बोटांना मसाल्याचा वास होता. इतकं समाधान मला फार थोड्या निकालांनी दिलंय.

तुझीही अशी ट्रंक हवी. मूळ रेकॉर्डिंगच्या फाइल्स, तारखेसकट, एका वेगळ्या ड्राइव्हवर ठेव. मेल डिलीट करू नकोस. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाखाली अशा डिजिटल पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा एक आकडा, लिहावी लागते. एकदा फाइल उघडून कापाकापी केलीस की ती बदलते. म्हणून कच्ची फाइल तशीच राहू दे आणि कॉपीवर काम कर.

उद्या काय करायचं ते सांगते. करारात मी पेन्सिलने खुणा करून फोटो पाठवते आहे. कलम नऊमधून एआय आणि आवाजाची नक्कल हा भाग पूर्ण काढायला सांग. त्याऐवजी एक ओळ घालायला सांग, की या पंधरा कथांशिवाय आवाजाचा कुठलाही वापर करायचा असेल तर लेखी परवानगी आणि वेगळा मोबदला. मुदत सात वर्षं मागितली तर दे, कायमची देऊ नकोस. प्रत्येक कथेवर वाचकस्वर म्हणून तुझं नाव, हेही लिहून घे. ते भांडणार नाहीत असं नाही. कदाचित काम जाईल. त्या पैशांतून तू माइक घेणार होतीस हे मला माहीत आहे, आणि तरीही सांगते आहे.

एक मात्र बघ, त्यांचा फोन आला तर गोड बोल, पण फोनवर हो म्हणू नकोस. "आईने वाचायला घेतलंय, मेलवर कळवते," एवढंच सांग. आणि मेल पाठवण्याआधी मसुदा मला दाखव. सकाळी ठाण्याहून आठ बाविसची लोकल आहे माझी, फोर्टात पोचेपर्यंत वाचून होईल.

तुझी,
आई