सूचना: सुट्टीत मुलांना गेम देण्याआधी

सर्व पालकांना नमस्कार. दिवाळीची सुट्टी जवळ आली की "कुठला गेम चांगला?" अशी विचारणा ग्रुपवर सुरू होते, म्हणून हे आधीच लिहीत आहे.

प्ले स्टोअरवर गेमला ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ असा वयाचा शिक्का असतो. तो जरूर पाहा. पण ३+ म्हणजे शैक्षणिक नव्हे. लहानांना न शोभणारं काही त्यात नाही, एवढाच त्याचा अर्थ. जाहिराती आहेत का, गेममध्ये पैसे देऊन खरेदी आहे का, हे त्याच पानावर वेगळं लिहिलेलं असतं. माझ्या मते लहान मुलांसाठी तेच जास्त महत्त्वाचं. प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल, असं सेटिंग आजच करून ठेवा.

२ ते १० वर्षांच्या मुलांसाठी जीकॉम्प्री बघा: अंक, अक्षरं, घड्याळ, बुद्धिबळ, सगळं फुकट आणि जाहिरातींशिवाय. ८ वर्षांपुढे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात तयार झालेलं स्क्रॅच. त्यात मूल रंगीत ठोकळे जोडून स्वतःच गेम बनवतं, चुकतं, दुरुस्त करतं. मला सर्वांत पटलेलं हेच. ५ ते ७ वर्षांच्यांना स्क्रॅच ज्युनियर. माइनक्राफ्ट (ठोकळ्यांचं जग बांधायचा गेम) हवंच असेल तर क्रिएटिव्ह मोड, म्हणजे ज्यात लढाईशिवाय हवं ते बांधता येतं, आणि अनोळखी लोकांशी चॅट बंद.

नवा गेम आधी स्वतः थोडा वेळ खेळून बघा, मग मुलाशेजारी बसून.

तुमच्या घरी आवडलेले गेम मुलाच्या वयासह इथे कळवा. रविवारपर्यंत आलेली नावं एकत्र करून पिन करते.