बंदूकधारी देवदूत आणि ‘जेत्यांची दहशत’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश वसाहतकालीन चित्रकलेवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. मात्र बोलिव्हियातील ला पाझच्या राष्ट्रीय कला संग्रहालयातील ‘आसिएल तिमोर देई’ या बंदूकधारी देवदूताच्या चित्राखाली ‘जेत्यांची दहशत’ असा दोन शब्दांत दिलेला निकाल घाईचा वाटला, म्हणून हे पत्र.

चित्र जरा जवळून पाहावे. रुंद काठाच्या टोपीवर पिसांचा तुरा, बाह्यांना लेस, अंगावर भरजरी वस्त्र. आणि त्यावरची सोनेरी नक्षी कापडाच्या चुण्यांबरोबर वळत नाही, वरून छापल्यासारखी सपाट बसते. पंख नसते तर हा कोणी दरबारी सरदारच वाटला असता. देवदूतांचा सेनानी मायकेल याच्या हाती तलवार किंवा भाला युरोपला जुनाच परिचयाचा होता. तोड्याची बंदूक घेतलेले देवदूत मात्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात अँडीज पर्वतातील टिटिकाका सरोवराच्या परिसरात प्रचारात आले.

त्यांचे पवित्रे कोठून आले, हे मोठे गमतीचे आहे. कोणी बंदुकीत दारू भरतो आहे, कोणी ती खांद्यावर घेऊन उभा आहे, कोणी नेम धरतो आहे. नासाऊच्या मॉरिसच्या डच फौजेसाठी याकोब दे घेन याने काढलेल्या आणि 1607 मध्ये छापलेल्या सचित्र कवायतीशी हे पवित्रे जुळतात, असे अभ्यासक दाखवतात. म्हणजे स्पेनविरुद्ध बंड करून उठलेल्या प्रोटेस्टंट शिपायांची कवायत स्पेनच्याच अमलाखालील कॅथलिक चर्चच्या भिंतींवर पोहोचली. छापील चित्राला धर्म विचारतो कोण!

नावांचेही तसेच. रोममधील 745 च्या धर्मसभेने मायकेल, गॅब्रिएल आणि राफाएल या तिघांखेरीज अन्य देवदूतांची नावे घेऊन प्रार्थना करणे निषिद्ध ठरवले होते. तरीही या चित्रांवर आसिएल, लेतिएल, सालामिएल अशी धर्मग्रंथाबाहेरची नावे ठळक अक्षरांत लिहिलेली आढळतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्थानिक भक्ताला या चित्रात काय दिसत असेल, याचा विचार चित्राखालच्या त्या मथळ्यात नाही. इंका लोकांचा मेघगर्जनेचा देव इल्यापा झळाळत्या वस्त्रांचा आणि हाती गोफण घेतलेला असे. गोफणीच्या फटकाऱ्याने तो गडगडाट करी. स्पॅनिश बंदुका आल्या तेव्हा त्यांनाही इंकांच्या क्वेचुआ भाषेत ‘इल्यापा’च म्हणू लागले. पिसांचा मान तर इंका सरदारांचा. इंकांची जुनी राजधानी कुस्को येथील मूळनिवासी चित्रकार 1688 मध्ये स्पॅनिश चित्रकारांच्या संघातून वेगळे झाले होते, हे ध्यानात घेतले तर अँडीजमधील चित्रकला निव्वळ राज्यकर्त्यांच्या हुकमाने चालत होती, असे म्हणता येत नाही.

दहशत नव्हतीच, असे मला म्हणायचे नाही. स्थानिक देवतांच्या मूर्तिभंजनाच्या मोहिमा त्याच प्रदेशात झाल्या आणि ‘तिमोर देई’ याचा अर्थच ‘देवाचे भय’ असा आहे. पण ते भय जेत्यांच्या देवाचे की जुन्या गडगडाटाचे, हे चित्रच सांगत नसताना मथळ्याने सांगू नये. हे छायाचित्र पुन्हा छापाल तेव्हा त्याखाली त्या नावाचा अर्थ तेवढा द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे