प्रबंध जपला, आकडे हरवले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रबंध जमा करताना समास किती सोडला, ओळींत अंतर किती, पाठीवरची सोनेरी अक्षरे सरळ उठली की नाही, इथपर्यंत तपासणी होते. ज्या आकड्यांवर प्रबंध उभा आहे त्यांची मूळ फाइल कुठे आहे, एवढा एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. तो विचारला जावा, आणि पदवीनंतर नव्हे तर तोंडी परीक्षेच्या आधी, म्हणून हे पत्र.

देशभरातले प्रबंध ऑनलाइन ठेवणाऱ्या शोधगंगा या संग्रहामुळे हे काम झालेच आहे असा समज आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ती ठेवण्याची सोय केली, हे मोठेच काम. पण तिथे असतात त्या प्रकरणवार पीडीएफ. पीडीएफमधला तक्ता म्हणजे आकड्यांचा फोटो. तोही सरासरीचा. चारशे कुटुंबांच्या पाहणीतून निघालेली टक्केवारी त्यात दिसते, चारशे ओळी दिसत नाहीत. नव्या प्रश्नासाठी तीच पाहणी वापरायची तर त्या ओळीच लागतात, आणि त्या असतात संशोधकाच्या जुन्या लॅपटॉपमध्ये.

तिथे त्या किती दिवस टिकतात? ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात २०१४ साली आलेल्या अभ्यासात प्राणी-वनस्पतींच्या मोजमापांवरचे, २ ते २२ वर्षे जुने ५१६ शोधनिबंध घेऊन त्यांच्या लेखकांकडे मूळ आकडेवारी मागितली होती. निबंध एकेक वर्षाने जुना होत जातो तसे आकडेवारी शिल्लक असण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर दरसाल १७ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. कारणे अगदी घरगुती होती. ई-मेल पत्ता बंद पडलेला, किंवा फाइल अशा डिस्कवर की ती वाचणारे यंत्रच उरलेले नाही.

नाशिकला हे विशेष लागू आहे. मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ ही दोन राज्यव्यापी विद्यापीठे इथे आहेत. दिंडोरी रस्त्यावर ‘मेरी’ ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, पिंपळगाव बसवंतला द्राक्ष संशोधन केंद्र आहे, कांद्या-लसणावर काम करणारी संस्था चितेगाव फाट्याला आहे, शिवाय संशोधन केंद्रे असलेली महाविद्यालये. माती, पाणी, कांदा, द्राक्ष, सुरगाणा-पेठचे कुपोषण यांवर इथे वर्षानुवर्षे मोजमापे होतात. ती एकमेकांना जोडता आली तर उपयोगाची. एरवी दर नवा विद्यार्थी त्याच गावात तीच प्रश्नावली घेऊन जातो आणि गावकरीही कंटाळतात.

फाइल कुठेतरी चढवली म्हणजे झाले असे नाही. चढवलेली फाइल सापडत नसेल तर ती असून नसून सारखीच. सापडणे नव्वद टक्के तिच्या वर्णनावर, म्हणजे मेटाडेटावर अवलंबून असते (नव्वद हा आमचा अंदाज, संशोधन नव्हे). समजा एखाद्याने कांदाचाळीतल्या घटीचा अभ्यास केला. फाइलचे नाव ‘फायनल डेटा २ नवीन’. हे कोण शोधणार? तिचे शीर्षक ‘निफाड तालुक्यातील चाळींमध्ये साठवलेल्या उन्हाळ कांद्याची वजनघट, सड व मोड : पंधरवड्याची मोजमापे, एप्रिल ते सप्टेंबर २०२३’ असे हवे. काय मोजले, कुठे, कधी, किती अंतराने, हे शीर्षकातच आले की शोधयंत्राचे निम्मे काम होते. सोबत एक साधी मजकूर-फाइल हवी, जिला सगळे रीडमी म्हणतात. तिच्यात प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, मोजण्याचे साधन आणि रिकाम्या खान्याचा अर्थ. मोजले नाही, मोजून शून्य आले, आणि शेतकऱ्याने सांगितले नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींसाठी खाना कोरा ठेवला की पुढच्या माणसाची सरासरी चुकलीच.

एककांचा घोळ आपल्याकडे मुबलक. एकर की हेक्टर, क्विंटल की गोणी, आणि गोणी असेल तर किती किलोची? द्राक्षाच्या नोंदीत ‘४५ वा दिवस’ लिहिलेले असते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरचा की ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतरचा, हे लिहिणाऱ्याला इतके उघड वाटते की तो ते लिहीत नाही. दहा वर्षांनी ते कुणालाच उघड नसते.

गावांची नावे हा आणखी एक खड्डा. पिंपळगाव म्हणजे बसवंत, बहुला की खांब? आपल्या शहराचेच इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी चालते, एकात ‘एच’ आहे, दुसऱ्यात नाही. एकाने शोधले की दुसऱ्यातले दिसेलच याची खात्री नाही. उपाय सोपा आहे. गावाच्या नावाशेजारी केंद्र शासनाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला गावाचा कोड द्यावा. तालुक्याबरोबर वर्षही लिहावे, कारण १९९१ च्या जनगणनेत जिल्ह्यात १३ तालुके होते आणि २००१ च्या जनगणनेत देवळा व त्र्यंबकेश्वर धरून १५. देवळा कळवणमधून वेगळे निघाले; जुन्या आणि नव्या कळवणची तुलना करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर क्षेत्र ‘घटल्याचा’ शोध लागतो.

एक्सेलबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण नासाडी सर्वाधिक तिथे होते आणि ती गुपचूप होते. गट क्रमांक ५/२ टंकला की एक्सेल त्याची ५ फेब्रुवारी करते. चूक लक्षात आल्यावर रकाना ‘टेक्स्ट’ केला तर ५/२ परत येत नाही. २०२४ साली टंकले असेल तर ४५३२७ हा आकडा येतो, कारण एक्सेल तारीख आत दिवसांच्या संख्येत साठवते. म्हणून रकाना आधी टेक्स्ट करायचा आणि मगच टंकायचे. आपणच वेंधळे आहोत असे नाही. याच खोडीमुळे जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीला २०२० साली काही मानवी जनुकांची नावेच बदलावी लागली, कारण ती मार्च-सप्टेंबरसारखी दिसत होती. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी लिहावी, २०२३-०४-०३. नाहीतर ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हा वाद कायमचा. जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलीत ६५,५३६ ओळींपुढचे काही मावत नाही, हेही ध्यानात असावे. ठेवायची प्रत सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल, असावी. रंग भरून दिलेला अर्थ (‘पिवळ्या ओळी म्हणजे बागायती’) सीएसव्हीत पुसला जातो, म्हणून त्याचा वेगळा रकाना करावा.

मराठी मजकुराची दुखणी वेगळी. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेले प्रबंध पडद्यावर मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरांचे सांकेतिक क्रमांक असतात. शोधपेटीत ‘कांदा’ लिहून ते जन्मात सापडणार नाहीत. असा मजकूर जमा करण्याआधी युनिकोडमध्ये बदलावा आणि बदलल्यावर जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावी, कारण कन्व्हर्टर नेमका तिथे घसरतो. युनिकोडमध्येही एक छुपी अडचण आहे. ‘शेतकऱ्यांचे’ यातला अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो. एकीत खाली नुक्ता असलेल्या ‘ऱ’ चा पाय मोडतात, दुसरीत साध्या ‘र’ चा पाय मोडून पुढे न दिसणारे जोडचिन्ह देतात. दिसायला दोन्ही सारखेच. संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि कृषी-संशोधनात ‘शेतकऱ्यांचे’ इतका वारंवार येणारा दुसरा शब्द आहे का? रिपॉझिटरी, म्हणजे प्रबंध-आकडेवारीचा डिजिटल संग्रह, चालवणाऱ्याने शोधसूची बनवताना दोन्ही रूपे एक करून घ्यावीत. तोवर संशोधकाने कळीचे शब्द मराठी व इंग्रजी दोन्हींत द्यावेत. आकड्यांचे रकाने मात्र इंग्रजी अंकांतच ठेवावेत. देवनागरी अंकांना बरीच सॉफ्टवेअर मजकूर समजतात आणि बेरीज शून्य येते. सीएसव्ही साठवताना ‘यूटीएफ-८’ हा युनिकोड मजकुराचा पर्याय निवडावा. ती एक्सेलमध्ये उघडून अक्षरांचा चिवडा दिसला तर फाइल बिघडली असे समजून पुन्हा साठवू नये, खरे नुकसान त्या पुन्हा साठवण्याने होते. ‘डेटा’ मेनूतून यूटीएफ-८ सांगून ती आत घ्यावी.

आता ठेवायचे कुठे. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर तर नकोच. संकेतस्थळाचे कंत्राट बदलले की जुने दुवे मेले. काही संस्थांनी डीस्पेस हे मोफत सॉफ्टवेअर बसवले आहे, शोधगंगाही त्यावरच चालते. ते चांगले आहे, पण बसवल्यावर हँडल या कायमस्वरूपी दुव्याचा नमुन्यादाखल दिलेला क्रमांक १२३४५६७८९ तसाच सोडून देण्याची खोड अनेक ठिकाणी दिसते. नोंदणी करून स्वतःचा क्रमांक घेतल्याशिवाय ते दुवे बाहेरून उघडत नाहीत. दिसायला कायमचे, प्रत्यक्षात कुठेच न नेणारे. शिवाय ओएआय-पीएमएच या पद्धतीने इतर शोधसेवांनी नोंदी उचलाव्यात यासाठी तिची सूची रोज ताजी करणारे काम सर्व्हरवर लावावे लागते. ते न लावल्याने नोंदी वर्षानुवर्षे घरातच राहतात.

ज्यांच्याकडे यासाठी माणूस नाही त्यांनी झेनोडो हा संशोधनाच्या फाइलींचा ऑनलाइन संग्रह वापरावा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ते २०१३ पासून चालते, पैसे पडत नाहीत, आणि एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइली बसतात. सर्वेक्षणावरच्या बहुतेक प्रबंधांची आकडेवारी मोबाइलच्या चार फोटोंएवढी असते, तेव्हा जागेची सबब नको. नोंद प्रसिद्ध होताच डीओआय, म्हणजे तिचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक, मिळतो. दुरुस्ती केली तर नव्या आवृत्तीला नवा डीओआय आणि सर्व आवृत्त्यांना मिळून एक सामाईक. प्रबंधात तो सामाईक न देता ज्या आवृत्तीवर निष्कर्ष काढले तिचाच द्यावा. संशोधकाचा १६ अंकी ओर्किड क्रमांक जोडला की एकाच आडनावाच्या पाच जणांचा घोळ मिटतो. परवान्याचा रकाना कोरा सोडू नये. नामनिर्देशाच्या अटीवर वापर मोकळा करणारा सीसी बाय ४.० बहुतेकांना पुरतो. झेनोडोच्या पानांत यंत्राला वाचता येईल असे वर्णन आपोआप असते, त्यामुळे २०१८ साली सुरू झालेल्या गूगल डेटासेट सर्चसारख्या शोधसेवांना ती नोंद सापडू शकते. महाविद्यालयाला तिथे स्वतःची ‘कम्युनिटी’ विनाशुल्क काढता येते आणि आलेली नोंद तपासून मगच स्वीकारता येते. ते तपासणे हेच ग्रंथपालाचे काम.

सगळेच उघडे करावे असे आम्ही म्हणत नाही. आरोग्याच्या माहितीत नाव काढले म्हणजे ओळख पुसली असे होत नाही. सुरगाण्यातल्या छोट्या पाड्यावर वय, लिंग आणि आजार एवढ्यावरून माणूस कळतो. गावाऐवजी तालुका, वयाऐवजी गट, तारखेऐवजी महिना द्यावा, आणि एखाद्या गटात पाचांपेक्षा कमी जण उरले तर तो शेजारच्या गटात मिसळावा. अंजनेरीचे नाव मिळालेल्या सेरोपेजिया अंजनेरिका या दुर्मीळ कंदीलपुष्पाच्या जागांचे अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत दिले तर तो मीटरभरापर्यंतचा पत्ता होतो, कंद खणणाऱ्याच्या सोयीचा. दोन स्थळे दिली की साधारण किलोमीटरचा परिसर राहतो, अभ्यासाला पुष्कळदा तेवढे पुरते. पण खरी अडचण आधीच होऊन बसलेली असते. संमतिपत्रात ‘ही माहिती फक्त याच अभ्यासासाठी वापरली जाईल’ असे छापलेले असते, मग पुढे काही करता येत नाही. त्याजागी ‘माझी ओळख पटेल असे तपशील काढून ही माहिती इतर संशोधकांना देण्यास माझी संमती आहे’ हे वाक्य स्वतंत्र चौकटीसह घालावे आणि नैतिकता समितीने प्रस्तावाच्या वेळीच ते आहे का पाहावे.

विद्यापीठांच्या संशोधन विभागांकडे मागणी एवढीच, की प्रबंध जमा करण्याच्या अर्जात एक ओळ वाढवावी : आकडेवारीचा डीओआय, किंवा ती खुली न करण्याचे कारण. ती ओळ कोरी असेल तर अर्ज अपुरा मानावा. मार्गदर्शकांना हे ओझे वाटेल. पण पहिल्या दिवसापासून रीडमी लिहिली तर शेवटी एक दुपार लागते, आणि शेवटी लिहायला बसले तर दोन आठवडे.

आणि जुन्या प्रबंधांचे? मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या पाकिटात चिकटवलेल्या सीडी आधी हातात घ्याव्यात. लिहिता येणाऱ्या सीडीतला रंगद्रव्याचा थर उष्णतेने व उजेडाने उतरतो, आणि वर चिकटवलेले कागदी लेबल सोलायला गेले तर खालचा चकाकता थर घेऊनच निघते. ते सोलू नये. यूएसबीवर चालणारा एक ड्राइव्ह पुरतो. प्रत काढल्यावर विंडोजमधल्या ‘सर्टयुटिल’ आज्ञेने प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे ६४ चिन्हांची ओळ, काढून यादीत लिहावा आणि वर्षातून एकदा पडताळावा. एक चिन्हही वेगळे आले तर ती प्रत बिघडली, दुसरीवरून घ्यावी. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. गोदाकाठच्या ग्रंथालयांनी ती वरच्या मजल्यावर ठेवावी. जी सीडी पहिल्या खेपेस वाचली जात नाही ती धूळ पुसून दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी, बऱ्याचदा तिथे उघडते.

आपले,
नाशिकमधील महाविद्यालयीन ग्रंथालयांत डिजिटल संग्रहाचे काम पाहणारे काही ग्रंथपाल