जेठालाल तोच, पण घर तेच राहिलं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘तारक मेहता का उल्टा चष्मा’मधली माणसं इतक्या वर्षांत बदलली का, आणि बदलायला हवीत का, यावरून मालिकेच्या चाहत्यांत सरळ दोन तट पडले आहेत. दोन्ही तटांतली माणसं माझ्या घरातही आहेत आणि सोसायटीच्या कट्ट्यावरही. एक बाजू म्हणते, मालिकेचा नायक जेठालाल सुधारला तर बघायचं काय? दुसरी म्हणते, 28 जुलै 2008 ला पहिला भाग लागला, आता चार हजारांवर भाग झाले, तरी तोच माणूस त्याच खड्ड्यात पडतो, किती दिवस हसायचं? मला हा वाद फुटकळ वाटत नाही. रात्री साडेआठला आजी, सून आणि नातवंडं एकाच खोलीत बसून बघतील असं टीव्हीवर फारसं काही उरलेलं नाही. त्यामुळे या मालिकेचं काय होतं याची मला मनापासून काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

पहिल्या बाजूचं निम्मं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. स्वभाव बदलू नयेत. तारक मेहता यांनी 1971 पासून ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात जे सदर लिहिलं, ज्यावर ही मालिका बेतली आहे, तेही ठाशीव स्वभावांवरच उभं होतं; वाचक दर आठवड्याला त्याच माणसांना भेटायला यायचा. वडलांचा, बापूजींचा आवाज आला की जेठालालची गाळण उडालीच पाहिजे. आत्माराम तुकाराम भिडे यांनी ‘एकमेव सेक्रेटरी’ म्हणून छाती फुगवलीच पाहिजे, ‘सखाराम’ स्कूटरवर कुणी हात ठेवला तर त्यांचा जीव खालीवर झालाच पाहिजे. जेठालालच्या दुकानातल्या नट्टूकाकांची पगारवाढ कधीच होऊ नये. यातलं काहीही काढलं तर या सगळ्यांच्या गोकुळधाम सोसायटीच्या पावडर गल्लीत उरतं काय?

पण स्वभाव तोच ठेवला म्हणून विनोद तोच राहतो, हे मात्र मला पटत नाही. भोवतालची परिस्थिती बदलते, आणि तिच्याबरोबर त्याच विनोदाचा अर्थही. जेठालाल आणि शेजारच्या बबिताजींचंच घ्या. सकाळी उठून हा गृहस्थ समोरच्या घराकडे बघत उभा राहायचा, बबिताजींचा नवरा अय्यर वैतागायचा, आणि आत स्वयंपाकघरात जेठालालची बायको दया नाश्ता करत असायची. घर भरलेलं होतं. दयाचा गरबा होता, आईला लावलेले फोन होते, तिच्या प्रेमाबद्दल आणि जेठालालच्या तिच्यावरच्या प्रेमाबद्दल कुणाला शंका नव्हती. त्यामुळे ते बघणं एका बावळट माणसाचा बावळटपणा वाटायचं आणि आम्ही बायकाही हसायचो. 2017 मध्ये दयाची भूमिका करणाऱ्या दिशा वकानी प्रसूतीच्या रजेवर गेल्या आणि परतल्या नाहीत. तो त्यांचा निर्णय, त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पण कथेत दया अहमदाबादला आईकडे आहे ती आहेच. बायको वर्षानुवर्षं घरात नाही, आणि नवरा अजून समोरच्या घराकडे तसाच बघतो. अभिनय तोच, वेळ तीच, तरी माझ्या सासूबाई आता त्या प्रसंगाला मान फिरवतात. जेठालाल बदलला नाही म्हणूनच तो आता वेगळा माणूस दिसतो, हे लेखकांच्या लक्षात येत नाही का?

बरं, दया नाही याचं दुःख कथेनं कधी नीट मांडलंच नाही. दयाचा भाऊ सुंदर येतो, बहिणीला आणतो म्हणून शब्द देतो, जेठालाल आशेला लागतो, सोसायटी सजते. 2023 च्या दिवाळीत हेच झालं. दया आली नाही आणि प्रेक्षक इतके संतापले की मालिकेवर बहिष्कार घाला अशी हाक दिली गेली. हा राग नुसता हट्टाचा नव्हता. आपण ज्या माणसासाठी हळहळतो, त्याला दुसऱ्या दिवशी काहीच झालेलं नसतं, यानं माणूस दुखावतो. जेठालाल करणाऱ्या दिलीप जोशींसारखा नट हाताशी असताना जेठालाल एकदा तरी बापूजींसमोर बसून ‘मला तिच्याशिवाय करमत नाही’ असं बोलला असता, तर पुढची दहा वर्षं त्याच्या बावळटपणाला आम्ही मनापासून हसलो असतो.

पोपटलालबद्दल तर मला राग येतो. ‘दुनिया हिला दूंगा’ म्हणत छत्री आपटणारा हा पत्रकार सुरुवातीला मला फार आवडायचा. लग्न जमता जमता मोडतं, तो रुसतो, ‘कॅन्सल’ म्हणतो, तोवर ठीक होतं. पण स्थळ येणार, सगळी सोसायटी नटणार, शेवटच्या घटकेला काहीतरी फाटे फुटणार, हे किती वेळा? चाळिशी-पन्नाशीतली अविवाहित माणसं आज आपल्या प्रत्येक इमारतीत आहेत आणि तीही ही मालिका बघतात. 2021 मध्ये करोनाच्या औषधांचा काळाबाजार उघडकीला आणणारी मोहीम याच पोपटलालनं चालवली. काय रंगली होती ती! हा माणूस आपल्या कामात किती हुशार आणि धीट आहे हे पहिल्यांदा दिसलं. ती संपली आणि थोड्याच दिवसांत स्वारी पुन्हा बिचारी, पुन्हा टिंगलीचा विषय. त्या मोहिमेनंतर शेजारी त्याच्याशी एका नव्या आदरानं बोलले असते तर त्याचा कुठला विनोद कमी झाला असता? त्याचं लग्न करून द्या, नाहीतर त्याला एकदा स्वतःच्या तोंडानं ‘मी असाच मजेत आहे’ म्हणू द्या.

बदल केला की गंमत जाते असं म्हणणाऱ्यांना मी एका जुन्या गोष्टीची आठवण करून देते. जेठालाल दयाला उठता-बसता ‘ए पागल औरत’ म्हणायचा. त्यावर आक्षेप आला आणि ते बंद झालं. दिलीप जोशींनी मुलाखतीत हे सांगितलं आहे. ते वाक्य गेल्यामुळे मालिका बघणं सोडलं, असं म्हणणारा एकही माणूस मला भेटलेला नाही.

मुलांचं वाढणं तर दडवता येण्यासारखं नव्हतंच. जेठालालच्या मुलाची, टप्पूची भूमिका तीन मुलांनी केली, भिड्यांच्या सोनूची चार मुलींनी. टप्पूचा मित्र गोगी करणारा समय शाह आमच्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झाला. चेंडूनं भिडेमास्तरांच्या खिडकीची काच फोडणारी ही टप्पू सेना कॉलेजात गेली खरी, पण नोकरीची चिंता, प्रवेशाचे टक्के, घरच्यांशी खटके यातलं फारच थोडं गोकुळधाममध्ये शिरलं. आणि भिड्यांची बायको माधवी भाभी! मालिकेतल्या मराठी घरातली कमावती बाई. लोणची-पापडांचा तिचा व्यवसाय पहिल्यापासून आहे. या काळात अशा किती बायकांनी घरगुती धंद्याचं दुकान केलं, हाताखाली माणसं ठेवली, मोबाइलवर ऑर्डरी घेतल्या. माधवीची कमाई भिड्यांच्या शिकवण्यांपेक्षा वाढली तर? पै-पैचा हिशेब मांडणारे, ‘आमच्या जमान्यात’ सुरू करणारे भिडे बायकोच्या दुकानाची वही लिहिताना दिसले तर? भिडे तेच राहतील, ती भूमिका करणाऱ्या मंदार चांदवादकरांना खेळायला नवं मैदान मिळेल.

रोजच्या मालिकेची ओढाताण मला कळते. ‘द बिग बँग थिअरी’ ही अमेरिकन मालिका 2007 ते 2019 अशी बारा पर्वं चालली, तिचे एकूण भाग 279. आठवड्याला पाच भाग धरले तरी आपल्याकडे तेवढे वर्ष-सव्वा वर्षात होतात. तिथला विक्षिप्त शास्त्रज्ञ शेल्डन सोफ्यावरची आपली जागा कधी सोडत नाही, पण नोबेल घेताना मित्रांची माफी मागावी आणि आभार मानावेत इतकं तो बारा वर्षांत शिकतो. (तो फार मवाळ झाला, अशी तक्रार करणारे चाहते तिथेही आहेत. माझी मुलगी त्यांतलीच.) तेवढी सवड रोज नवा भाग देणाऱ्या लेखकांना मिळणार नाही. पण पात्रांना काल काय घडलं ते आज आठवावं, एवढ्याला सवड लागत नाही.

आपल्या पुरवणीत मालिकांच्या कलाकारांच्या मुलाखती नेहमी येतात. एकदा या मालिकेच्या लेखकांना बोलतं करा. दया आता येणार नसेल तर ते जेठालालला कधी सांगणार आहात, हा प्रश्न माझ्या वतीनं त्यांना जरूर विचारा.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)