जेसनचा उजवा हात

सातारा,
रविवार

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन गोष्टी बोललास. 'मेडिआ'त तुला जेसनची भूमिका मिळाली आहे आणि त्या माणसाची तुला किळस येते, ही पहिली; आणि शेवटच्या प्रवेशात हातांचे काय करावे हे तुला कळत नाही, ही दुसरी. तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. मग दोन रात्री जागून नाटक पुन्हा वाचले (तुझ्या बाबांनी दिवा मालवण्यासाठी दोनदा हाक मारली), आणि लक्षात आले की तुझ्या पहिल्या अडचणीचे उत्तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नातच आहे. कारण प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसने हे सगळे नाटक हातांभोवती विणले आहे.

आरंभीचे दाईचे भाषण पाहा. पेलिऑन डोंगरातले ते पाइनचे झाड तुटलेच नसते आणि त्याची, जेसनला मेडिआच्या देशी नेणारी, आर्गो नौका झालीच नसती तर किती बरे झाले असते, असे म्हणत ती सुरुवात करते आणि लगेच मालकिणीची अवस्था सांगते: नवऱ्याने, जेसनने, कोरिंथच्या राजाच्या मुलीशी लग्न केले म्हणून मेडिआ अन्न टाकून पडली आहे, शपथांचा आक्रोश करते आहे, उजव्या हाताने दिलेल्या वचनाची आठवण काढून देवांना साक्षीला बोलावते आहे. सवत आली याचे दुःख तिला आहेच, पण तिच्या तोंडी पहिल्यांदा येते ती मोडलेली शपथ. आपण लग्नाला पाणिग्रहण म्हणतो, म्हणून हे आपल्याला चटकन समजते. पण तिथली गोष्ट थोडी वेगळी होती. ग्रीक रीतीप्रमाणे लग्न ठरे ते मुलीचा बाप आणि जावई यांच्या बोलीने, आणि हातात हात देऊन शब्द देणे ही मुख्यतः पुरुषापुरुषांतली रीत होती. मेडिआच्या बाबतीत बाप तिथे नव्हताच. काळ्या समुद्राच्या पूर्वेच्या कोल्किसहून ती निघाली ती बापाला दगा देऊन, भावाचा जीव घेऊन आणि जेसन जिच्यासाठी तिथे आला होता ती सोनेरी लोकर त्याच्या हवाली करून. जेसनने हात दिला तो तिलाच, आणि म्हणून तो हात सोडल्यावर तिच्या बाजूने बोलायला कोणी उरले नाही. कोरिंथच्या बायकांना ती हेच सांगते, की तुम्हाला तुमचे शहर आहे, बापाचे घर आहे. मला ना आई, ना भाऊ, ना संकटात आसरा देणारे कोणी नातलग. ज्या बाईचे माहेर तिने स्वतःच जाळले आहे, तिला नवऱ्याने घराबाहेर काढणे याचा अर्थ काय होतो, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागू नये.

हुंडा मोजून नवरा विकत घ्यायचा आणि वर त्यालाच देहाचा धनी करायचा, किंवा एकदा बाळंत होण्यापेक्षा ढाल घेऊन तीनदा रणात उभे राहणे बरे, ही तिची वाक्ये सर्वांना पाठ असतात. ती तुमची मेडिआ म्हणेलच. तू मात्र तुझे त्यानंतरचे लांब भाषण नीट वाच. जेसन तिथे मुळीच ओरडत नाही. घरच्या बैठकीत हिशेब मांडणाऱ्या कर्त्या माणसासारखा तो एकेक मुद्दा घेतो: तू मला वाचवलेस ते प्रेमदेवतेने भाग पाडले म्हणून, त्या बदल्यात तू रानटी मुलुखातून ग्रीसमध्ये आलीस, कायदा म्हणजे काय ते तुला कळले, नाव झाले, आणि हे लग्न मी वासनेपोटी केलेले नाही, आपल्याला दारिद्र्य येऊ नये आणि मुलांना राजघराण्यातले भाऊ मिळावेत म्हणून केले आहे. यातला शब्द न् शब्द त्याला खरा वाटतो. म्हणून त्याला खलनायक करू नकोस. केलास तर मेडिआचे उत्तर वाया जाईल. ती एवढेच म्हणते, की तुझ्या मनात पाप नसते तर तू आधी मला पटवून मग लग्न केले असतेस, घरच्यांपासून लपवून नव्हे. त्यावर त्याला खरे उत्तर सुचत नाही. तू भडकली असतीस, असे तो म्हणतो, आणि ते बरोबरही असते.

हे नाटक अथेन्समध्ये इ. स. पू. 431 मध्ये डायोनिसस देवाच्या उत्सवात झाले, स्पार्टाशी युद्ध पेटले त्याच वर्षी. तीन नाटककारांच्या स्पर्धेत युरिपिडीस तिसरा, म्हणजे शेवटचा आला. आईबाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक, हा अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याचा कायदा त्यापूर्वी वीस वर्षे झाला होता. परदेशी बायको आणि तिची मुले यांचा प्रश्न त्या प्रेक्षकांना दूरच्या पुराणातला वाटला नसणार, आणि जेसनच्या हिशेबाला मान डोलावणारे पुष्कळ असतील असे मला वाटते.

आता हातांकडे येऊ. शहर सोडायला सांगणाऱ्या क्रेऑन राजाकडून (नव्या नवरीचा बाप) एका दिवसाची मुदत मिळवल्यावर आणि अथेन्सचा राजा एजियस याच्याकडून आश्रयाचे वचन घेतल्यावर (नुसत्या शब्दावर ती भागवत नाही, शपथच घ्यायला लावते, एकदा पोळलेली आहे) मेडिआ जेसनशी खोटा समेट करते. मुलांना बाहेर बोलावून ती सांगते, वडिलांचा उजवा हात धरा. तोच हात! या ठिकाणी तिला रडू येते आणि तुला ते आनंदाश्रू वाटले पाहिजेत. मग त्याच मुलांच्या हाती ती नव्या नवरीसाठी आहेर देते: तलम वस्त्र आणि सोन्याचा मुकुट. राजवाड्याला कपड्यांची वाण आहे का, असे म्हणून तू ते परत घ्यायला सांगतोस, हेही किती घरगुती आहे. पुढचे सगळे निरोप्या सांगतो. मुलांना पाहून राजकन्येने तोंड फिरवले. आहेर पाहिल्यावर मात्र तिला धीर धरवेना. ती आरशात केस सारखे करते, स्वतःच्याच प्रतिबिंबाकडे पाहून हसते, खोलीभर नाजूक पावले टाकत फिरते आणि मागे वळून आपल्या टाचेपर्यंत वस्त्र कसे बसले आहे ते पुन्हा पुन्हा निरखते. एवढ्या चार ओळींत ती मुलगी जिवंत होते आणि मग विष अंगी लागते. तिला कवटाळणारा बाप, लॉरेलच्या फांद्यांना वेल चिकटावी तसा, त्या वस्त्राला चिकटून मरतो. नाटकात तिला नावसुद्धा नाही. मेडिआवर अन्याय झाला हे मान्य करूनही माझे मन दरवेळी त्या टाचेपाशी अडते.

मुलांना मारण्यापूर्वीचे मेडिआचे स्वगत तुझ्या वाट्याचे नाही, पण विंगेत उभा राहून ऐक. 'द्या रे, आईला तुमचा उजवा हात द्या,' असे म्हणून ती मुलांच्या हातांचे मुके घेते. ती वेडी झालेली नाही. आपण काय करणार आहोत ते तिला कळते, फक्त राग विचारांहून बलवान ठरतो, असे ती स्वतःच म्हणते. थोड्या वेळाने आतून मुलांचा आवाज येतो: आईच्या हातांतून कुठे पळू? साऱ्या नाटकात ती मुले बोलतात ते या प्रसंगीच, आणि तेही बंद दाराआडून. त्यांच्या भल्याचा हिशेब जेसनने त्यांना न विचारता मांडला, त्यांच्या हातून विष आईने धाडले, आणि दोघांनाही मुले प्राणापलीकडे प्रिय होती. मी आई आहे म्हणून मला हे सर्वांत जड जाते, असे तू म्हणशील. म्हण.

तर तुझे हात. तू धावत येतोस तेव्हा मुले मेली आहेत हे तुला ठाऊक नसते. क्रेऑनच्या नातलगांपासून त्यांना वाचवायला तू आलेला असतोस. बायकांकडून कळल्यावर तू दाराला भिडतोस, कड्या काढा म्हणतोस. दार उघडत नाही. मेडिआ वर आहे, आजोबा सूर्याने दिलेल्या रथात, मुलांची प्रेते घेऊन, तुझ्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर. आर्गोच्याच एका फळीने डोके फुटून तू मरशील, असे ती सांगते. तू शिव्या देतोस, देवांना साक्षीला बोलावतोस आणि शेवटी फक्त मुलांच्या मऊ अंगाला एकदा हात लावू दे म्हणतोस. ती नाही म्हणते. तिथे हात वर नेऊन आकाश कवटाळण्याचा अभिनय करू नकोस, तो फार झाला आहे. डावा हात दारावर असू दे. उजवा थोडासा पुढे ने, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा एवढ्याच उंचीवर, आणि रथ निघून गेल्यावरही तो तिथून खाली आणू नकोस.

तालमीत जमते का ते कळव. प्रयोगाची तारीख ठरली की सांग, बाबा रजा काढणार आहेत.

तुझी,
आई