बाळ वाढलं की नळीचं काय?

अ‍ॅन आर्बर, मिशिगन

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी मी बाळांच्या श्वासनलिकेत बसवायच्या, थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या आधारांबद्दल सांगत होते, तेव्हा तू विचारलंस, "बाळ वाढलं की नळीचं काय?" परळला लहान मुलांच्या वॉर्डात इतकी वर्षं काढलेल्या तुलाच हे सुचणार. फोनवर उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते.

काही बाळांची श्वासनलिका इतकी मऊ असते की श्वास सोडताना ती मिटते. इथल्याच मिशिगन विद्यापीठातले डॉ. ग्लेन ग्रीन आणि इंजिनियर स्कॉट होलिस्टर यांनी २०१२ साली अशा एका बाळासाठी नलिका उघडी धरणारा आधार थ्रीडी प्रिंटरवर छापला. सीटी स्कॅनवरून माप घेऊन पॉलिकॅप्रोलॅक्टोन या शरीरात विरणाऱ्या प्लास्टिकच्या भुकटीचे थर लेझरने जोडत गेले. हा आधार नलिकेच्या आत जात नाही, बाहेरून बसतो, आणि नलिकेची भिंत टाके घालून त्याला ताणून बांधतात. बाळाच्या वाळ्यासारखा तो एका बाजूला उघडा असतो, त्यामुळे नलिका वाढली की तोही फाकतो. साधारण ३ वर्षांत तो शरीरात विरून जातो. काढायला पुन्हा ऑपरेशन नाही, आई!

इथे आकार बदलतं ते बाळाचं शरीर. आम्ही ज्याच्या मागे लागलोय ते पॉलिमर, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, स्वतःच आकार बदलतं. गरम करून दुमडायचं आणि तसंच धरून थंड करायचं, की ते दुमडलेलं राहतं. पुन्हा ऊब मिळाली की छापतानाच्या आकारात परत येतं. हे ३७ अंशांच्या जवळ जमवलं, तर बारीक नळीतून सोडलेला स्टेंट, म्हणजे नलिका आतून उघडी ठेवणारा आधार, आत जाऊन आपला आपण उघडेल. निटिनॉल धातूचे स्टेंट असे उघडतातच, पण धातू विरत नाही, वाढत्या मुलाच्या अंगात तो तसाच राहतो. म्हणून माझा सगळा जीव पॉलिमरवर.

अडचण तुला लगेच कळेल. निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हचे १२१ अंश अशा प्लास्टिकला चालत नाहीत. पॉलिकॅप्रोलॅक्टोन ६० अंशांच्या आसपासच वितळतं. मग जंतू मारायला इथिलीन ऑक्साइड वायू वापरायचा आणि तो पूर्ण निघून जाईपर्यंत थांबायचं. शिवाय मे महिन्यात परळच्या रस्त्यावर उन्हात उभ्या टेम्पोत ३७ अंश केव्हाच ओलांडले जातील, स्टेंट खोक्यातच उघडायचा! इथे बसून हे कुणाला सुचत नाही. मी मात्र मीटिंगमध्ये दर वेळी हा मुद्दा काढते.

बाबांना सांग, २०१८ मध्ये एमआयटीत सिलिकॉनच्या शाईत चुंबकाचे कण मिसळून मऊ रोबो छापले. छापतानाच कणांची दिशा ठरते. बाहेरून चुंबकीय क्षेत्र बदललं की तुकडा सरपटतो, उडीसुद्धा मारतो. आत ना मोटर, ना तार.

आता एक काम कर. गळ्यातली नळी बदलताना मुलं नेमकी कधी कळवळायची, तुमचे हात कुठे अडायचे, हे शिंदे सिस्टरांबरोबर बसून लिहून काढ. मापं मला पेपरांत मिळतात, हे नाही मिळत. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, पुढच्या डिझाइनच्या आधी मला ते हवं आहे.

बाबांना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझी,
मेघना