बीपीएडच्या पोरांना नुसती शिट्टी नको, शेजारी एक जाणता पंचही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शालेय क्रीडा स्पर्धांचे निकाल तुम्ही दरवर्षी छापता, कुठली शाळा जिंकली, कोण पहिलं आलं, जिल्ह्याला कोण गेलं. पण त्या सामन्यांना पंच कोण होतं आणि त्यांना ते काम कुणी शिकवलं हे कुठेच येत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि तालुका स्पर्धा हा माझ्या कामाचाच भाग आहे.

तालुक्याला पंच आणायचे कुठून हा दरवर्षीचा प्रश्न. कबड्डीच्या एका ग्राउंडला सरपंच म्हणजे मुख्य पंच एक, पंच दोन, गुणलेखक एक आणि दोन सहायक गुणलेखक म्हणजे सहा माणसं लागतात, चार ग्राउंड एकदम चालू केली की झाले चोवीस, आणि १४, १७, १९ वर्षांखालची मुलं नि मुली अशा सगळ्यांच्या मॅचेस एक-दोन दिवसांत उरकायच्या असतात. मग काय होतं तर शाळांचे सरच शिट्टी घेऊन उभे राहतात, ज्यांची टीम एका सेमीला खेळतेय तेच दुसऱ्या सेमीला पंच. बहुतेक जण प्रामाणिकपणेच निर्णय देतात, मी कुणावर आरोप करत नाहीये, पण हरलेल्या टीमच्या पोरांच्या मनात शंका राहते ती राहतेच.

त्यामुळे जवळच्या कॉलेजातली बीपीएडची, म्हणजे क्रीडाशिक्षक होण्यासाठी शारीरिक शिक्षणाची पदवी घेणारी, पोरंपोरी पंच म्हणून येऊ लागली हे मला तरी फार चांगलं वाटतं. त्यांची कुठली टीम नसते, दिवसभर उन्हात उभं राहायची ताकद असते आणि खरं सांगायचं तर नवीन नियम आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतात. लांब उडीचंच बघा, उडी घेताना, पाय जमिनीवरून सुटण्याआधी, तो टेकऑफच्या रेषेवर उभ्या असलेल्या काल्पनिक भिंतीच्या पुढे गेला की फाऊल असा नियम २०२१ च्या नोव्हेंबरपासून जगभर लागू झाला, पण आमच्यातले कितीतरी जण अजून रेषेपुढच्या प्लॅस्टिसिनवर, म्हणजे मऊ मातीसारख्या पट्टीवर, ठसा उठलाय का हेच वाकून बघतात.

पण मला जे बोलायचंय ते पुढचं आहे. ही पोरं सकाळी येतात, चहा-पोहे होतात, कुणीतरी हातात शिट्टी किंवा स्टॉपवॉच देतं आणि 'जा, तीन नंबरच्या ग्राउंडवर जा' म्हणतं. झालं. दिवसभर त्यांच्याकडे कुणी बघत नाही, संध्याकाळी सर्टिफिकेट देतात आणि पोरं घरी जातात. याला अनुभव म्हणायचं का? माणसं कमी होती म्हणून हात वापरले एवढंच त्यात होतं. त्या पोराला आपलं काय चुकलं हे कळलंच नाही तर पुढच्या वर्षी तेच करणार आणि नोकरीला लागल्यावर शाळेतल्या पोरांनाही तेच शिकवणार.

१०० मीटरचं टायमिंग घ्या. स्टार्टरच्या पिस्तुलाचा धूर किंवा क्लॅपर (आपटून आवाज काढायच्या दोन फळ्या) मिटताना दिसला की वॉच चालू करायचं, आवाज ऐकून नाही, कारण आवाज शंभर मीटर यायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा खातो. हातातल्या वॉचवर १२.४१ दिसलं तरी १२.५ लिहायचं. तीन वॉच असतील आणि तिन्हींवर वेगळा टाइम असेल तर मधला धरायचा. हे पुस्तकात सगळं आहे, पोरांनी परीक्षेत लिहिलेलंही असतं, पण फिनिशला प्रत्यक्ष उभं राहिल्यावर नजर आपोआप धावणाऱ्यांकडे जाते आणि बोट आवाजावर दाबलं जातं. ती सवय मोडायला शेजारी कुणीतरी लागतं जो म्हणेल, 'पोरीकडे बघू नको, स्टार्टरकडे बघ.'

खो-खोमध्ये अजून वेगळंच झालंय. टीव्हीवर अल्टिमेट खो-खो ही लीग आली, मग जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या दोन्ही टीम जिंकल्या आणि दोन्ही कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे. केवढा आनंद झाला सांगू! शाळेत पोरं पुन्हा खांबाभोवती पळायला लागली. पण टीव्हीवरचा तो खेळ सात-सात जणांचा, त्यात वजीर असतो आणि तो कुठल्याही दिशेला पळू शकतो. आमच्या तालुक्याला मात्र नेहमीचा खो-खो, नऊ जण मैदानात, एकदा दिशा घेतली की मागे वळायचं नाही. प्रेक्षक टीव्ही बघून आलेले, खेळाडू टीव्ही बघून आलेले, आणि पंच म्हणून उभा असलेला विद्यार्थी त्याच वयाचा. वळला की फाऊल द्यायला त्याचा आवाज निघत नाही. सामन्याआधी दहा मिनिटं बसवून आज कुठल्या नियमाने खेळायचं हे सांगितलं असतं तर पुढचा सगळा आरडाओरडा झालाच नसता.

आणि आरडाओरडा म्हणजे साधा नसतो. विशी-एकविशीच्या पोरीच्या अंगावर पन्नाशीचे कोच धावून जातात, पालक मोबाइलवर शूटिंग करत आत घुसतात. मागे एका मुलींच्या कबड्डीत असंच झालं. बोनस, म्हणजे चढाई करणारीचा पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला आणि मागचा हवेत असला की मिळणारा गुण, दिला नाही म्हणून एका टीमचे सर तावातावाने आत आले. पंच पोरगी गप्प उभी. तेवढ्यात एक जुने पंच येऊन तिच्या बाजूला उभे राहिले, त्या सरांना काही बोलले नाहीत, फक्त तिला विचारलं, 'तू काय बघितलंस?' ती म्हणाली, 'पुढचा पाय पलीकडे गेला पण मागचा टेकलेला होता.' 'मग बोनस नाही. चालू कर मॅच.' एवढंच. मॅच संपल्यावर त्यांनी तिला रेषेपाशी नेऊन दाखवलं की अजून एक पाऊल बाजूला उभी राहिलीस तर मागचा पाय स्पष्ट दिसतो. मी म्हणतो ते शिक्षण हे.

असा एक अनुभवी माणूस दर दोन ग्राउंडमागे ठेवायला काय खर्च येतो? रिटायर झालेले क्रीडाशिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत, कबड्डी-खो-खोची पंच परीक्षा पास झालेले आहेत, बोलावलं तर आनंदाने येतील. दिवस संपताना त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल चार ओळी लिहून द्याव्यात आणि कॉलेजने त्यावर मार्क द्यावेत, हजेरीवर नाही. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, मग सीझनभर मैदानात घातलेले तास तरी त्यात नीट मोजा ना. शिवाय जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन, ते सुद्धा त्याच दिवशी. सकाळी सहाची एसटी पकडून आलेल्या पोराने स्वतःच्या पैशाने वडापाव खायचा हे बरोबर नाही.

काही जण म्हणतात, तालुक्याच्या स्पर्धेला एवढं कशाला, शिकाऊ पंच चालतात. मला हे अजिबात पटत नाही. तालुक्याला हरलेल्या टीमचा त्या वर्षीचा रस्ता तिथेच संपतो. दहावी-बारावीचे वाढीव गुण असोत की पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, सगळ्याची पहिली पायरी हीच आहे. आठवीतल्या पोरीचा चुकीचा आऊट दिला तर तिला दाद मागायला व्हिडिओ रिव्ह्यू नसतो, कुणी नसतं. म्हणून शिकाऊ पंच जरूर घ्या, पण एकटे सोडू नका.

सीझनच्या आधी प्रत्येक तालुक्यात क्रीडाशिक्षकांची नियोजनाची मीटिंग होते, कुठला खेळ कुठल्या शाळेच्या ग्राउंडवर, फक्की कोण मारणार, बॉल कोण आणणार हे तिथे ठरतं. त्या मीटिंगला बीपीएड कॉलेजच्या सरांना आणि पंच म्हणून येणाऱ्या दोन-चार विद्यार्थ्यांना बोलवा, एवढी विनंती आमच्या जिल्ह्याच्या क्रीडा अधिकाऱ्यांना तुमच्या पेपरातून करतो. आमच्या तालुक्यात ही मीटिंग झाली की मी स्वतः फोन करून त्यांना बोलावणार आहे.

आपला,
एक क्रीडाशिक्षक, जि. सातारा